सायीतल्या कळ्या

पेडवलीच्या भावकाईला काही विचारायचं, तर आधी तिच्या डाव्या हाताचं छोटं दार बंद करावं लागे. गाभाऱ्याला दारं दोन. समोरचं सगळ्यांचं, डावीकडचं गुरवाचं, अभिषेकाचं पाणी बाहेर टाकायला, एक माणूस वाकून जाईल एवढंच. आत्माराम गुरव ते दार स्वतः लावत, कडी घालत, कडी नीट बसली की नाही हे ओढून बघत आणि मगच पिटकुळीच्या लाल कळ्या हातात घेत. लहानपणी त्यांच्या लेकीने, दर्शनाने, एकदा विचारलं होतं, दार कशाला लावायचं? बाबा म्हणाले होते, "वाऱ्याक मधी बोलूक देव नये."

कौलाची रीत साधी होती. दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या काळ्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प बसायचं. पाणी सुकलं की कळी सुटते. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. अर्ध्या-पाऊण तासात निकाल लागे. कळ्या अंगावर आहेत तोवर त्यांना कोणी हात लावायचा नाही, आणि ज्याचा प्रश्न असेल त्याने त्या बाबतीत एक पाऊलही उचलायचं नाही. गावातली लग्नं, विहिरी, वाटण्या सगळं या दोन कळ्यांवर अडलेलं असे.

दर्शना चौकस पोर. बाबांची पाठ वळली की ती गाभाऱ्यात पाटी उभी करून तिच्यावर कळ्या चिकटवून बघायची. हिवाळ्यात छोटं दार उघडं ठेवलं, तर डावीकडची कळी दहातल्या नऊ वेळा आधी सुकून पडते, हे तिने आठव्या वर्षी शोधून काढलं. शास्त्रज्ञ म्हणून तिचा तो पहिला शोध. बाबांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, म्हणून तर कडी आहे ना.

पुढे ती कृषी संशोधन केंद्रात लागली, डॉक्टर दर्शना गुरव झाली आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिने साय तयार केली.

तोडलेलं फूल लगेच मरत नाही. देठावरून सुटल्यावरही ते श्वास घेतं, साठवलेली साखर जाळतं, पाकळ्यांतून पाणी उडवत राहतं. मग एक दिवस ते स्वतःच एथिलीन नावाचा वायू सोडू लागतं. हा वायू म्हणजे म्हातारपणाची दवंडी. एका फुलाने पिटली की पेटीतली सगळी फुलं माना टाकतात. दर्शनाने काजूच्या झाडाचा डिंक, कोरफडीचा गर आणि मधमाश्यांचं मेण यांचं असं पातळ मिश्रण जमवलं की, फूल त्यात बुडवून काढलं की त्याच्यावर दिसणारही नाही असा पापुद्रा धरायचा. मेण पाणी अडवायचं, डिंक हवा बेताबेताने आत सोडायचा. फुलाचा श्वास मंदावायचा, दवंडी पिटायची राहून जायची आणि चार दिवसांचं फूल चाळीस दिवस टवटवीत राहायचं. दुधावर धरते तशी ही साय, म्हणून नावही तेच पडलं. डब्यावर सूचना एकच होती. डिंक पाण्याने पाघळतो, तेव्हा सायीतल्या फुलांवर पाणी शिंपडू नये.

पाच वर्षांत सायीने फुलांचा धंदा उलटापालटा केला. विमानाने जाणारी फुलं बोटीने जाऊ लागली. पेडवलीच्या उतारांवर निशिगंध आणि जरबेरा उभे राहिले, ते भरून न्यायला बिनड्रायव्हरच्या गाड्या घाट चढून येऊ लागल्या. एका बारशाचा हार दुसऱ्या बारशाला चालू लागला. आत्माराम गुरवांची मात्र पंचाईत झाली. सकाळी देवीच्या अंगावरचं निर्माल्य उतरवायचं, तर फुलं कालच्यापेक्षा ताजी. लोक म्हणत, राहू देत की, कशाला काढता? बाबा कोणाचं ऐकत नसत. देवीला शिळं ते शिळं, असं म्हणून हसरी फुलं ते ओढ्यात सोडून येत. कौलाच्या कळ्या तर ते देवळामागच्या दरडीवरच्या झुडपावरूनच खुडत, त्याच दिवशी आणि स्वतः.

मग काचबिंदूने त्यांची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळे. एका जूनमध्ये दरडीवरून घसरून त्यांनी मनगट मोडून घेतलं. झुडपावर जायचं काम सिद्धेशकडे आलं. सिद्धेश दर्शनाचा धाकटा भाऊ, चौतीस वर्षांचा, लग्नाचं नाव न काढणारा, पुढचा गुरव. त्याला हल्ली जिना चढतानाही धाप लागे, पण ते आजारपण आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सुट्टीवर आलेल्या दर्शनाला वाटलं, या दोघांनी भर पावसात त्या दरडीवर कशाला जावं? तिने महिनाभराच्या कळ्या एकदम खुडल्या, सायीत बुडवल्या, वाळवल्या आणि पत्र्याच्या डब्यात भरून देवळात ठेवल्या. कमी झाल्या की सिद्धेशने अशाच भरायच्या, असं ठरलं. बाबांनी डबा चाचपला. त्यांना ते पटलेलं नव्हतं.

"कौलाक चलतीत ह्यो?" त्यांनी विचारलं.

"काय्येक फरक पडाचो नाय, बाबा," दर्शना म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. लेक देशात नावाजलेली होती, तिच्या शब्दाला किंमत होती. पावसाळ्यात भावकाईला सहसा कोणी काही विचारत नाही, तेव्हा त्या कळ्या नुसत्या पूजेला खर्च होत राहिल्या.

भाद्रपदात सिद्धेशचे डोळे पिवळे झाले. शहरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, यकृत निकामी होत आलंय. दुसऱ्या कोणाच्या यकृताचा तुकडा बसवला तर वाचेल. जिवंत माणसाला देता येतो, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. दर्शनाचं रक्त जुळलं. तिने तिथल्या तिथे होकार दिला. आठवड्याच्या आत या, डॉक्टर म्हणाले, पोटात पाणी होतंय, त्यात संसर्ग झाला तर हातात काही राहणार नाही.

सिद्धेश अडून बसला. त्याला मरणाचं भय नव्हतं, बहिणीला चिरायचं भय होतं. शंभरात एखादा देणाराही दगावतो, हे त्याने वाचलं होतं. त्याने स्वच्छ सांगून टाकलं.

"कौल झाल्याबिगर मी खय जावचंय नाय. देवीन रजा दिल्यान तर तुझा घेतंय."

दर्शनाने फारसा वाद घातला नाही. अर्ध्या तासाचं तर काम, होईल, असं तिला वाटलं. उजवी पडेल की डावी, याची धाकधूक होती. पण कळ्या पडतीलच, याविषयी तिच्या मनात शंकाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी छोटं दार लावलं, कडी ओढून बघितली, डब्यातल्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या आणि आंधळ्या पण सरावलेल्या बोटांनी देवीच्या खांद्यांवर लावल्या. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"आये भावकाय, माझी दोनय पोरां एकाच दिसा सुरयेखाली जातली. तुझी रजा आसा काय, सांग."

अर्धा तास झाला. तास झाला. दुपारचा नैवेद्य अडून राहिला. संध्याकाळी समई लावली, तेव्हाही दोन्ही कळ्या होत्या तिथेच होत्या. देवी विचार करते आहे, असं बाबा म्हणाले. असं पूर्वी एकदोनदा झालं होतं, पण रात्रीच्या आत कौल मिळाला होता.

सकाळी दर्शनाने गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाकून बघितलं. कळ्यांच्या कडेने दगडावर बारीक चकचकीत रेघ उमटली होती. डिंक. पाण्यात बुडवल्याबरोबर साय पाघळली होती आणि सुकताना पाकिटाच्या तोंडासारखी दगडाला चिकटून बसली होती. वरच्या बाजूला मेण शाबूत, त्यामुळे कळीही सुकत नव्हती. अकराशे फुलांवर तिने प्रयोग केले होते. किती दिवस टिकतात, वजन किती घटतं, रंग किती उतरतो, सगळं मोजलं होतं. ओल्या दगडावरून फूल पडतं की नाही, हे जगात कोणालाच मोजायचं नव्हतं. मोजायला हवं होतं ते फक्त तिलाच ठाऊक होतं. ती गुरवाची मुलगी होती. आणि तिलाच ते सुचलं नाही.

तिने बाबांना सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या ताज्या कळ्या लावा म्हणून हात जोडले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तूच सांगितलंस ना, फरक पडणार नाही म्हणून? मी तुझ्या शब्दावर लावल्या. आता त्या तिच्या अंगावर आहेत, प्रश्न तिच्याकडे आहे, आणि तिच्याकडून तो काढून घेणारा मी कोण? सिद्धेशचंही तेच म्हणणं. तो शुद्धीवर होता, शहाणा होता, सही त्याचीच लागणार होती. डॉक्टरांचे फोन येत होते. दर्शना आज-उद्या करत वेळ मारून नेत होती. सिद्धेशच्या अंगावरचा पिवळेपणा वाढत होता आणि भावकाईच्या खांद्यांवरच्या कळ्या जशाच्या तशा लाल होत्या. आपण केलेल्या वस्तूचा तिला इतका तिटकारा कधी आला नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी सिद्धेशला ताप भरला. दर्शना थर्मासमध्ये गरम पाणी आणि प्रयोगशाळेतली थेंबनळी घेऊन देवळात गेली. बाबा मंडपात खांबाला टेकून बसले होते. तिची चाहूल त्यांना लागली असणार. गाभाऱ्यात जाऊन तिने उजव्या कळीकडे हात नेला. नुसतं नखाने उचकटलं असतं तरी भागलं असतं. पण हात पुढे होईना. कौलाच्या कळीला हात लावायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. पाण्याचं तसं नाही, तिने मनाची समजूत घातली. पाणी तर देवीला एरवी रोजच घालतात, कौल अडला म्हणून नऊ दिवस अभिषेक बंद होता एवढंच. तिने उजव्या कळीच्या वरच्या बाजूला गरम पाण्याचे थेंब सोडले. एक मिनिटात डिंक सुटेल, असा तिचा हिशेब होता.

हिशेब काचेवरचा होता. प्रयोगशाळेतली काच सपाट असते. भावकाईचा पाषाण मात्र डावीकडे जरा कललेला, आणि तिच्या गळ्यात कोणा जुन्या पाथरवटाने माळ कोरलेली होती, उजव्या खांद्यापासून डाव्या खांद्यापर्यंत उतरत गेलेली. पाणी त्या खाचेतून धावलं. उजवी कळी नुसती ओली होऊन फुगली आणि तिथेच राहिली. डाव्या कळीच्या खाली पाणी शिरलं, ती हलली आणि पडली.

टप् असा बारीक आवाज झाला. आंधळ्या माणसाचे कान ते. मंडपातून बाबांनी विचारलं, "खयची गो पडली?"

दर्शनाने खाली पडलेली डावी कळी उचलली. उजवी कळी उचकटून काढली. मघाशी ज्या बोटांना धीर झाला नव्हता, त्यांनाच आता काही वाटलं नाही. दोन्ही कळ्या मुठीत धरून तिने सांगितलं, "उजवी, बाबा."

बाबा चाचपडत उठले आणि त्यांनी स्वतः होकाराची घंटा वाजवली. घर देवळाच्या हाकेवर. ती घंटा ऐकून सिद्धेश अंथरुणात उठून बसला आणि पिशवी भरा म्हणाला. त्या दिवशी घरात तिघांच्याही जिवात जीव आला होता, आणि दर्शनाला आपण केलं ते चुकलं असं क्षणभरही वाटलं नाही.

संसर्ग झालेलाच होता. औषधांनी तो दबल्यासारखा वाटला, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. दर्शना शुद्धीवर आली तेव्हा सगळं ठीक आहे असं तिला सांगण्यात आलं आणि ते तेव्हा खरंही होतं. पाचव्या दिवशी सिद्धेश गेला. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. आठवडाभर आधी आला असता तर वाचला असता, असं ते म्हणाले. स्मशानात दर्शनाला जाता आलं नाही. तिच्या शरीराचा एक तुकडा भावाबरोबर जळला आणि ती खाटेवर पडून राहिली.

फूलउत्पादक संघाने मोठा हार पाठवला होता, सायीतला. तेराव्याला तो ताजा होता. महिन्याने फोटोतला सिद्धेश आणि त्याच्यावरची फुलं सारखीच टवटवीत दिसत होती. शेवटी तो हार तिनेच उतरवून पुरला.

दिवसाच्या काही वेळी तिला वाटे, आपल्या सायीने नऊ दिवस खाल्ले, आपण त्याला मारलं. काही वेळी वाटे, देवी नको म्हणाली होती आणि आपण हो सांगितलं, म्हणून तो गेला. दुसऱ्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. तरी ती तिला पहिलीपेक्षा जास्त जाळत असे.

पण खरा घोर बाबांचा होता. त्यांनी देवळात पाय टाकणं सोडलं. पूजेला शेजारच्या गावचा गुरव येऊ लागला. पन्नास वर्षं ज्या अंगणात ते देवळाकडे तोंड करून बसत, तिथे ते आता पाठ करून बसत. जेवण दोन घासांवर आलं. एकदाच ते बोलले.

"माणसां खोटी बोलतत, ता माका ठाऊक आसा. तिणा माका उजवी दिल्यान आणि झील व्हरल्यान. मी आता कोणाक इचारू?"

दर्शनाला कळत होतं की हा माणूस मुलाच्या दुःखाने नव्हे, होकार देऊन मुलगा नेणाऱ्या देवीच्या खोटेपणाने झिजतोय. त्याचं औषध तिच्याकडे होतं. पत्र्याच्या एका डबीत तिने त्या दोन कळ्या ठेवल्या होत्या. खरं सांगितलं तर बाबांना देवी परत मिळेल आणि लेक जाईल. नाही सांगितलं तर लेक राहील, पण थोडेच दिवस, कारण बाबाच राहणार नाहीत. तिने मार्गशीर्ष घालवला, पौष घालवला. तिला घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. आई ती शाळेत असतानाच गेली होती.

माघात एका सकाळी बाबांनी चहाचा कपही परत सारला, तेव्हा तिने ती डबी उघडून त्यांच्या तळहातावर पालथी केली. कळ्यांचे चाळीस दिवस केव्हाच उलटले होते. त्या पार वाळून कोळ झाल्या होत्या, पण साय अजून बोटांना लागत होती.

"डावी पडलेली, बाबा. मी तुमका उजवी म्हणान सांगलंय."

पाणी, खाच, घंटा, सगळं तिने सांगितलं. बाबा कळ्या चुरत बसून राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"म्हणजे ती खरा बोललेली," ते म्हणाले.

ते उठले, विहिरीवर जाऊन त्यांनी आंघोळ केली आणि चार महिन्यांनी देवळाची पायरी चढले. दर्शना दारातून बघत राहिली. त्यांच्या चालीत जोर आला होता. आपण बरं केलं असं तिला वाटलं, आणि जरा आशाही वाटली.

दहा वाजता त्यांनी तिला देवळात हाक मारली. ते दरडीवर जाऊन आले होते, एकटे, चाचपडत. धोतराला माती लागली होती आणि हातात ताज्या पिटकुळीच्या दोन कळ्या होत्या. तिला त्यांनी समोरच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं. स्वतः आत गेले, कळ्या पाण्यात बुडवल्या, देवीच्या खांद्यांवर लावल्या.

"आये, हेच्यापुढे ह्या चेडवाक घरात ठेवू काय? सांग."

लेकीला घरात ठेवावं का, हा प्रश्न ऐकूनही दर्शना कडीच्या आवाजाची वाट बघत होती. जन्मभर ऐकलेला आवाज, पण तो आलाच नाही. माघाचा कोरडा वारा डावीकडून आत येत होता, समईची ज्योत एका अंगाला वाकली होती. बाबांना ती दिसत नव्हती, पण वारा त्यांच्या ओल्या अंगाला लागत असणारच. बाबा, दार उघडं आहे, असं सांगायला तिने तोंड उघडलं. मग तिला उमगलं की या घरात आता तिच्या शब्दाला काही किंमत राहिलेली नाही. शिवाय पन्नास वर्षांत बाबा ते दार लावायला एकदाही विसरले नव्हते.

वीस मिनिटं झाली. साय नसलेली कळी सुकली आणि तिच्या डोळ्यांदेखत पडली.

"खयची?" बाबांनी विचारलं. त्यांनी तोंड तिच्याकडे वळवलं नव्हतं.

तिला खोटं बोलता आलं असतं. ते तिच्यावर भरवसा ठेवून विचारत होते की परीक्षा घेत होते, हे तिला कळलं नाही.

"डावी," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मग ते उठले, भिंतीला हात लावत डावीकडे गेले, छोटं दार लोटलं, कडी घातली आणि ती नीट बसली की नाही हे ओढून बघितलं.